वाईट संगतीचं वाक्य

संपादकांचं पत्र आलं, "इतकी वर्षं सैनिकांसाठी काम केलंत, दिवाळी अंकाला शौर्याच्या काही आठवणी पाठवा." माझ्याकडे शौर्याची एकही आठवण नाही. मी टायपिस्ट होते. ज्यांना पदकं मिळाली ते आमच्या ऑफिसकडे फिरकत नसत. ज्यांचे कागद बिघडले, ते यायचे.

ऑफिस मद्रासच्या अड्यार भागात होतं. एका बंगल्याच्या मोटारीच्या शेडमध्ये दोन टेबलं, एक कपाट, एक टाइपरायटर आणि बाहेर झाडाखाली बाक. काही निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांनी मिळून माजी सैनिकांच्या मदतीसाठी ही संस्था काढली होती. नवऱ्याची रेल्वेतली बदली मद्रासला झाली तेव्हा मी तीस वर्षांची होते. मिरजेत शिकलेलं इंग्रजी टायपिंग, बऱ्यापैकी हिंदी आणि बाजारात उभं राहून शिकलेलं तमिळ, एवढ्या भांडवलावर मला तिथे घेतलं. गेल्या वर्षी काम सोडलं. मधल्या काळात माझ्या हातून किती अर्ज गेले ते मोजलेलं नाही. एकाच अर्जाबद्दल लिहायचं आहे, पण त्याआधी थोडं समजावून सांगायला हवं.

लष्करातून बाहेर पडताना जवानाला एक लहान पुस्तक मिळतं. त्याला डिस्चार्ज बुक म्हणतात. नोकरी कुठे केली, किती वर्षं केली, कशामुळे सोडली, हे त्यात असतं आणि शेवटी वागणुकीबद्दल एक शेरा. चांगल्या रीतीने सुटलेल्याला ते पुस्तक जन्मभर पुरतं. नशापाणी, चोरी, पळून जाणं अशा कारणाने काढून टाकलेल्याचं कारणही त्याच पुस्तकात राहतं, आणि तो माजी सैनिक म्हणून कुठेच धरला जात नाही. शहरात ते पुस्तक कोणी पाहत नाही. पण वेलूरच्या बाजूला अशी गावं आहेत, जिथे घरटी एक तरी माणूस फौजेत असतो. तिथल्या म्हाताऱ्यांना वर्तमानपत्र वाचता येणार नाही, पण डिस्चार्ज बुकाचं कुठलं पान उघडायचं ते बरोबर कळतं. सोयरीक जुळवताना पत्रिकेच्या आधी ते मागतात.

हा शेरा बदलून मिळावा म्हणून वरच्या अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आमचं निम्मं काम हेच. बाकी निम्मं जन्मतारखा, नावं आणि हरवलेली पदकं. एका म्हाताऱ्या शिपायाच्या कागदांवरून हिशेब केला, तर तो नवव्या वर्षी भरती झालेला निघाला. मी विचारलं, "आजोबा, नवव्या वर्षी बंदूक उचलत होती का?" तो शांतपणे म्हणाला, "अम्मा, वयाच्या मानाने मी उंच होतो."

अर्ज दोन तऱ्हांचे असतात. एकात म्हणायचं, माझ्यावर अन्याय झाला, हे पुरावे. दुसऱ्यात म्हणायचं, चूक झाली, पदरात घ्या. संस्था चालवणारे आमचे कर्नलसाहेब दुसऱ्या तऱ्हेचे भक्त होते. त्यांनी स्वतः तीस वर्षं असे अर्ज वाचले होते. ते म्हणत, "मिसेस कुलकर्णी, अधिकाऱ्याला चूक दाखवलेली आवडत नाही. क्षमा करायला मात्र आवडतं." आणि ते खरं ठरायचं. गांजाच्या प्रकरणात सापडलेल्या एका ड्रायव्हरचा अर्ज मी लिहिला होता. त्यात एक वाक्य घातलं होतं: वाईट संगतीमुळे आणि अज्ञानामुळे मी या व्यसनाच्या आहारी गेलो, त्याचा मला मनापासून पश्चात्ताप होत आहे. त्याचा शेरा बदलला. मग ते वाक्य मी नमुन्यांच्या फाइलीत लावलं. नशेचं प्रकरण आलं की तोच कागद पुढे ठेवायचा, नाव, नंबर, पलटण बदलायची, तीन कार्बन घालायचे. आणखी तिघांना त्याचा उपयोग झाला. मला त्या वाक्याचा अभिमान होता, हे कबूल करते.

सेल्वराज आला तो ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. सकाळी मी बाकावरच्या लोकांना रांगेत बसवत होते आणि कोणीतरी मध्ये घुसलं म्हणून वैतागून मराठीत पुटपुटले. रांगेच्या टोकाकडून आवाज आला, "ताई, तुमी सातारच्या का सांगलीच्या?"

मी वळून पाहिलं. काळा, उंच, तमिळ चेहऱ्याचा, लुंगीवर लष्करी स्वेटर घातलेला माणूस. मद्रासच्या उकाड्यात स्वेटर.

"मिरजेची. तू कुठला?"

"म्या एन्नोरचा. पर अकरा वरीस मराठी पलटणीत व्हतो. आचारी. रोज पाचशे भाकरी थापली बघा."

तो एन्नोरच्या कुप्पमातला, म्हणजे कोळीवाड्यातला. लष्करात स्वयंपाकी म्हणून भरती झाला आणि मराठी जवानांच्या पलटणीत पडला. मराठी शिकला ती त्यांच्याच तोंडून, शिव्यांसकट. व्याकरण त्याला कोणी शिकवलं नव्हतं. भाकरी कधी "थापली", कधी "थापला". माझं मराठी कानावर पडलं म्हणून तो दुसऱ्या कोणाशी बोलायला तयारच होईना.

त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढले तेव्हा मला त्याचे हात दिसले. दोन्ही तळव्यांची कातडी चकचकीत, गुलाबी, आणि बोटं आत वळलेली. थंड मुलखात पलटण असताना लंगरातला, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातला, मोठा स्टोव्ह भडकला होता. जळतं भांडं जवानांच्या तंबूत पडू नये म्हणून याने ते हातांनी उचलून बाहेर नेलं. दोन महिने इस्पितळात. रोज मलमपट्टी, आणि पट्टी सोडायच्या आधी दुखणं थांबवायचं इंजेक्शन.

"मग?"

"मग हात बरा झाला. इंजेक्शन बंद झालं. पर अंग मागतंय ना ताई."

परत पलटणीत आल्यावर त्याने तिथल्या छोट्या दवाखान्यातून इंजेक्शनं चोरली. दुसऱ्यांदा सापडला. साहेबांसमोर उभं केलं, एक नोटीस दिली आणि काढून टाकलं. गावाकडे येऊन त्याने ते सोडलं होतं. कसं सोडलंस म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, आईने त्याला मचव्याला बांधून ठेवलं होतं. हसून सांगत होता. मी हसले नाही.

मी त्याला सरळ विचारलं, "तुला नक्की काय हवंय? नोकरी?"

"न्हाई. नोकरी हाय. लॉरीवाल्यांच्या मेसमधी भाजी चिरतो. मला वसंता पायजे."

वसंता त्याची बायको. वेलूरजवळच्या गावातली, निवृत्त सुभेदाराची मुलगी. डिस्चार्ज बुक सासऱ्याच्या हातात पडलं त्याच दिवशी त्याने मुलीला आणि पाच वर्षांच्या नातीला घरी नेलं. सेल्वराजने त्याला इस्पितळाची सगळी हकिकत सांगितली. सुभेदार म्हणाला, "असं असेल तर फौज तसं लिहून देईल. लिहून आण, त्या दिवशी दोघींना पाठवतो." म्हणजे त्याने दार लावलं नव्हतं. कागदावर मागितलं होतं.

सेल्वराजजवळ इस्पितळाचा कागद होता. कुठलं औषध, किती दिवस, सगळं लिहिलेलं. काढून टाकण्याऐवजी आजारपणामुळे सेवेतून मोकळं केलं असा बदल मागायला तो कागद पुरेसा होता. मी तो वाचला. आणि बाजूला ठेवला.

का ठेवला ते सांगते. इस्पितळाचं नाव काढलं की अर्ज तक्रारीचा होतो. लष्कराच्याच डॉक्टरांनी व्यसन लावलं, असं लष्करालाच सांगायचं. कर्नलसाहेबांनीही मान हलवली. "दयेचा करा," म्हणाले. मी नमुना काढला, नाव बदललं आणि टाइप करून सेल्वराजला मराठीत वाचून दाखवला.

तो ऐकत होता. वाईट संगतीच्या वाक्यापाशी म्हणाला, "ताई, हे खोटं हाय."

"कुठलं?"

"संगत वाईट नव्हती. पोरं लई चांगली व्हती. माझ्या हातास्नी पट्टी व्हती तवा गणपत इस्पितळात येऊन मला भरवायचा. शिंदे धुवायचा, संडासला बी न्यायचा. त्यांचं नाव कसं घालू?"

"कोणाचं नाव नाही घातलं. संगत म्हणजे कोणीही."

"पलटणीत माझी संगत म्हंजे तेच की."

बाहेर अकरा माणसं बसली होती. मी म्हणाले, "सेल्वराज, तुला बायको हवी आहे की वाद घालायचा आहे? हा कागद आहे. देवापुढची शपथ नाही. असं लिहिलं की काम होतं, मी चार वेळा पाहिलंय."

 त्याने पेन दोन्ही हातांत धरलं, कारण एका हाताने धरता येत नव्हतं, आणि सही केली. चारही प्रतींवर.

वर्षभराने उत्तर आलं. अर्ज नामंजूर. कारण दिलेलं नव्हतं. द्यावं लागत नाही. नशेची प्रकरणं वाढली होती आणि वरचं धोरण कडक झालं होतं, असं नंतर कळलं. चार वेळा चाललेलं वाक्य पाचव्यांदा चाललं नाही. आमच्या धंद्यात हे व्हायचं, मी त्याचं फार वाटून घेतलं नाही. आणखी एक वरची पायरी होती. संस्थेत नव्याने आलेल्या निवृत्त लष्करी डॉक्टरांनी सेल्वराजचे कागद पाहिले आणि मला विचारलं, "हा इस्पितळाचा कागद पहिल्या अर्जाला का जोडला नाही?" 

दुसरा अर्ज मी नव्याने लिहिला. नमुना घेतला नाही. भडकलेला स्टोव्ह, उचललेलं भांडं, दोन महिने, रोजचं इंजेक्शन, डॉक्टरांचं मत, इस्पितळाचा कागद. माझ्या सगळ्या अर्जांतला हा सगळ्यांत चांगला. वाचून दाखवला तेव्हा सेल्वराज म्हणाला, "आता बरोबर हाय." मग त्याने एक गोष्ट मागितली. उत्तराची प्रत सासऱ्याच्या पत्त्यावर जावी.

"आधी उत्तर तर येऊ दे," मी म्हणाले.

"नको ताई. म्या घेऊन गेलो तर म्हणतील, ह्यानंच कुठंतरी छापून आणला. सरकारी पाकीट तिथंच जाऊ दे. पोस्टमन देईल सगळ्या गावासमोर."

मी तसं लिहिलं. नियमात बसत होतं.

त्या उत्तराला मात्र कारण जोडलेलं होतं. अर्जदाराने आपल्या पहिल्या अर्जात, स्वतःच्या सहीने, वाईट संगतीमुळे व्यसन लागल्याचं कबूल केलं आहे. त्या वेळी इस्पितळाचा उल्लेख केलेला नाही. सबब आताचं म्हणणं मागाहून सुचलेलं असून ग्राह्य धरता येत नाही. माझं वाक्य त्यांनी जसंच्या तसं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत उतरवलं होतं. कर्नलसाहेबांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, "वाक्य चांगलं होतं. त्यांच्या लक्षात राहिलं." ते टोचून बोलत नव्हते. त्यांनाही वाईट वाटलं होतं. हायकोर्टातल्या एका वकिलाला विचारलं. तो म्हणाला, कोर्ट पहिला प्रश्न हाच विचारेल, त्याच्या सहीचं काय करायचं?

एक प्रत आमच्याकडे आली होती. दुसरी वेलूरच्या गावी पोचली होती.

सेल्वराज दुसऱ्या दिवशी आला. त्याला कळलं होतं. सासऱ्याने मेसच्या फोनवर निरोप दिला होता. खोटारडा म्हणाला होता. इस्पितळाची गोष्ट रचून सांगितलीस, फौजेला खरं सांगितलंस आणि मला खोटं. पुन्हा गावात पाऊल टाकू नकोस. सेल्वराज मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "ताई, तुमी त्यांस्नी सांगाल का? तुमी लिहिलं म्हणून?"

मी गेले. नवऱ्याला सांगितलं, एका कामासाठी जाते. पहाटेची गाडी, पुढे बस, मग शेतांमधून दीड मैल चालत. सुभेदाराचं घर विचारावं लागलं नाही. ओट्याला पांढरा चुना आणि दारावर नावाची पाटी, हुद्द्यासकट. ते स्वतः बाहेर खुर्चीवर बसले होते. सत्तरीचे, ताठ, मिशा पांढऱ्या. माझ्याशी फौजी हिंदीत बोलले, मला खुर्ची दिली, वसंताला ताक आणायला सांगितलं.

मी सगळं सांगितलं. नमुन्याची फाइल, ते वाक्य, त्याने घेतलेली हरकत, मी त्याला दिलेलं उत्तर. काही लपवलं नाही. शेवटी मी म्हणाले, "चूक माझी आहे. त्याने तुम्हाला सांगितलं तेच खरं आहे."

त्यांनी आतून पाकीट आणलं, चष्मा लावला, कागद उलगडला.

"सही कोणाची आहे?"

"त्याची. पण—"

"त्याला वाचून दाखवलं होतंत?"

"हो."

"समजलं होतं त्याला?"

"समजलं होतं. म्हणून तर तो नको म्हणत होता."

"नको म्हणाला आणि सही केली." त्यांनी कागदाची घडी घातली. "बाई, मी तीस वर्षं नोकरी केली. खोट्या कागदावर सही करायला मलाही सांगितलं होतं एकदा. मी केली नाही. माझी बढती चार वर्षं अडली. तुमची चूक असेल, तुम्ही इथवर आलात, तुम्हाला मान देतो. पण ज्या पोरांनी त्याला भरवलं त्यांना तो वाईट म्हणाला असेल, तर मी याला काय म्हणू?"

 वाद घालण्यात मी कच्ची नाही. मी ताक प्यायले आणि उठले.

वसंता बसच्या रस्त्यापर्यंत माझ्यामागे आली. बरोबर मुलगी, कला. वेण्या घट्ट घातलेल्या, शाळेचा निळा स्कर्ट. वसंताने रडून-बिडून काही केलं नाही. तिने विचारलं, "त्यांना स्वतःच्या हाताने जेवता येतं का आता?"

"येतं. चमच्याने."

"आणि ते दुसरं?"

"सोडलंय. तीन वर्षं झाली."

"मला माहीत आहे ते खरं बोलतात," ती म्हणाली. "पण माझा धाकटा भाऊ भरती झालाय. अप्पांचं या गावात नाव आहे. मी गेले तर अप्पा मरतील." मग आम्ही बसची वाट बघत उभ्या राहिलो. मुलगी रस्त्याकडेच्या दगडावरून उड्या मारत होती.

आता जे लिहिते ते लिहायला सोपं नाही. परत आल्यावर मी सेल्वराजकडे गेले नाही. अड्यारहून एन्नोर म्हणजे शहराचं एक टोक आणि दुसरं. दोन बस बदलायच्या, त्यात ऑफिसचा वार्षिक अहवाल होता, नवऱ्याला कावीळ झाली होती. सगळी कारणं खरी होती. एकेका कारणाने आठवडा जात होता. तो येईल असं वाटायचं, आणि तो येऊ नये असंही वाटायचं. तो आला नाही. माझी वाट बघत होता, म्हणून आला नाही. असे साडेचार महिने गेले.

शेवटी एका शनिवारी गेले. वीजकेंद्राच्या चिमण्या, राखेने करडी झालेली झाडं, लॉऱ्यांची रांग, तिच्या मागे पत्र्याची मेस. सेल्वराज बाहेर स्टुलावर बसून कांदे सोलत होता. सुरी दोन्ही तळव्यांमध्ये धरायची आणि कांदा तिच्यावर फिरवायचा, अशी त्याची पद्धत होती. मला बघून उठला, स्टूल पुसलं, स्वतः उकिडवा बसला.

मी उशिराबद्दल काहीतरी बोलले. त्याने ऐकून घेतलं. सुभेदार काय म्हणाले ते विचारलंच नाही. साडेचार महिन्यांत त्याने ते ओळखलं असणार. मीच सांगितलं, वाक्यावाक्याने, त्यातलं काही सौम्य न करता. भरवणाऱ्या पोरांचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरोबर हाय त्यांचं," आणि पुढचा कांदा घेतला.

वसंताचं सांगितलं. तिने हातांचं विचारलं, हेही. सुरी थांबली.

मग म्हणाला, "पोर दिसली?"

"दिसली."

"केवढी झालीय?"

मी जमिनीपासून हात वर धरून दाखवला. माझ्या कमरेच्या थोडी वर, इतकी. तो त्या हाताकडे बघत राहिला. नंतर उठला, आपल्या वळलेल्या बोटांनी माझं मनगट खालून धरलं आणि हात चार बोटं वर उचलला.

"ते तवाचं ताई," तो म्हणाला. "आता एवढी असंल."